नातवंडांना थीम पार्कला नेताना: आजी-आजोबांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरं

मार्च सरत आला की मला येणाऱ्या पत्रांत आजी-आजोबांची पत्रं वाढतात. सुट्टीत लेकी-सुना येणार, नातवंडं येणार, आणि सगळ्यांनी मिळून एखाद्या मोठ्या पार्कला जायचं ठरलेलं असतं. मग कुणी शेजारणीकडून ऐकलेलं विचारतं, कुणी मोबाइलवर फिरत आलेलं. गेल्या वर्षी दिलेली उत्तरं यंदा पुन्हा द्यावी लागतात, तरी देते, कारण प्रश्न पाच वर्षांखालच्या मुलांचा आहे. मात्र ही उत्तरं म्हणजे तुमच्या नातवंडाची तपासणी नव्हे. त्याला त्याचे डॉक्टर ओळखतात, मी ओळखत नाही.

नातू सव्वादोन वर्षांचा आहे. मे महिन्यात त्याला खोपोलीच्या इमॅजिकाला न्यायचं म्हणतोय. एवढ्या लहान मुलाला त्यातलं काही कळेल का? (ठाणे)

कळेल. पण त्याला आवडेल ते तुमच्या यादीत नसेल. गोल फिरणाऱ्या घोड्यावर तो तीनदा बसेल, कारंज्यापाशी अर्धा तास रमेल, आणि त्याचा दिवस तिथेच पुरा होईल.

माझा प्रश्न वेगळा आहे: मे महिनाच कशाला? नातू शाळेत जात नाही, तुम्ही निवृत्त आहात. त्याच्या आई-बाबांना एक दिवस रजा मिळत असेल तर डिसेंबर-जानेवारीतला एखादा मंगळवार-बुधवार धरा. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, मे महिन्यात तिथे ऊनही असतं आणि दमटपणाही. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. ते फक्त किरकिरं होतं, आणि आपण म्हणतो, ‘दमलाय, भूक लागली असेल.’

मेमध्येच जाणं भाग असेल तर दार उघडताना आत जा आणि बाराच्या आसपास सावलीत, थंड जागेत या. त्याची दुपारची झोप बुडवू नका. झोपेतून उठून तो ताजातवाना असेल तर साडेचारनंतर पुन्हा फिरा, नसेल तर घरी चला. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून रात्रीपर्यंत फिरवलेली मुलं दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येतात. आणि झोपलेल्या मुलाला पार्किंगमधल्या बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका, काच थोडी उघडी ठेवूनही नाही.

राइडच्या उंचीच्या अटीत नात दोन सेंटिमीटरने कमी पडते. जाड तळव्याचे बूट घालून चालवून घेतलं तर? (पुणे)

नाही. ती अट शरीर पट्ट्यात आणि दांड्यात नीट अडकावं म्हणून असते, आणि बुटाने शरीर वाढत नाही.

माझी अँजिओप्लास्टी झाली आहे. नातवाबरोबर रोलरकोस्टरमध्ये बसू का? (सांगली)

तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. त्यांनी स्पष्ट ‘हो’ म्हणेपर्यंत खालीच थांबा.

जूनमध्ये मुलाच्या कुटुंबाबरोबर आम्ही अमेरिकेत ऑर्लँडोच्या डिस्नी पार्कला जाणार आहोत. थोरला साडेतीन वर्षांचा, धाकटी तेव्हा आठ महिन्यांची असेल. तिची गोवराची लस नवव्या महिन्यात आहे, ती परत आल्यावर देऊ का? आणि एवढी लहान मुलं घेऊन तिथे निभेल का? (नाशिक)

आधी लस. ‘परत आल्यावर’ हा शब्द लसीच्या बाबतीत मला ऐकायचाच नाही. २०१४च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमधून गोवराची साथ सुरू झाली आणि शंभराहून जास्त लोकांना ती लागली. त्यात लस घेण्याच्या वयाची न झालेली तान्ही बाळंही होती. २०२५मध्ये अमेरिकेत गोवराचे दोन हजारांहून जास्त रुग्ण सापडले. आजारी माणूस खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून गोवर लागू शकतो, आणि पार्कातल्या रांगा तर जगभरच्या माणसांच्या असतात. परदेशी जाणाऱ्या बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर गोवराचा एक जादा डोस देता येतो, शक्यतो निघण्याच्या दोन आठवडे आधी. तो वेळापत्रकातल्या डोसांच्या बदल्यात धरत नाहीत, ते पुढे द्यावेच लागतात. तिच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा आणि थोरल्याचंही लसीचं कार्ड बरोबर न्या.

आता निभण्याचं. तिथे तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, थोरल्याला लागेल. डंबोसारख्या कितीतरी राइडना उंचीची अटच नाही. सेव्हन ड्वार्फ्सच्या खाणीतल्या गाडीला ९७ सेंटिमीटर लागतात आणि साडेतीन वर्षांची बरीच मुलं त्याच्या आसपासच असतात. म्हणून घरीच भिंतीपाशी उभं करून मोजा आणि बसत नसेल तर त्या राइडचं नाव त्याच्यासमोर काढू नका. रांगेच्या तोंडाशी पोचून परत फिरवलेल्या मुलाची समजूत घालणं अवघड असतं. मोठ्यांना एखादी राइड करायची असेल तर ‘रायडर स्विच’ विचारा: काहीजण बसतात, बाकीचे मुलांजवळ थांबतात, आणि मग त्यांना पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. दूध पाजायला आणि लंगोट बदलायला प्रत्येक पार्कात वेगळी जागा आहे. बाबागाडी ७९ सेंटिमीटरपेक्षा रुंद आणि १३२पेक्षा लांब चालत नाही, खरेदीआधी मोजा.

फ्लोरिडात जूनमध्ये दुपारी विजांसह पाऊस येतो आणि उघड्यावरच्या राइड बंद होतात. ती वेळ हॉटेलवरच्या झोपेची समजा. आणि गाडीत बाळाला मांडीवर घेऊन बसायचं नाही. तिथल्या कायद्याने पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत बसवायचं वेगळं सुरक्षा-आसन (कार सीट) लागतं. ते बसवायला आजच शिकून घ्या.

विमानात नात रडू नये म्हणून सर्दीचं औषध दिलं की छान झोपते, असं मैत्रिणीने सांगितलं. किती द्यावं? (कोल्हापूर)

अजिबात देऊ नका. गुंगी हा त्या औषधाचा दुष्परिणाम आहे, उपयोग नव्हे, आणि काही मुलं त्याने उलट जास्त चिडचिडी होतात. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये’ असं छापण्याचा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३मध्येच काढला आहे. विमान उतरताना कान दुखतात म्हणून बाळं रडतात. त्या वेळी अंगावर पाजा किंवा बाटली द्या, मोठ्या मुलाला काहीतरी चघळायला द्या. सर्दी जास्त असेल तर निघण्याआधी कान तपासून घ्या.

उन्हात फिरताना मुलांना ओआरएसचे टेट्रापॅक देत राहिलं तर चालेल ना? केमिस्टच देतो. (छत्रपती संभाजीनगर)

केमिस्ट देतो म्हणून ते ओआरएस होत नाही. खऱ्या ओआरएसचं सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेलं आहे: एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरावीक मोजमापाचे क्षार. फळांच्या चवीच्या कित्येक पेयांत साखर याच्या कितीतरी पट असायची आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत तीच तीन अक्षरं छापलेली असायची. जुलाब होणाऱ्या मुलाला इतकी साखर दिली तर जुलाब वाढतात. वर्षानुवर्षं ही फसवणूक चालली. अखेर ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. पण नाव बदललं तरी आतलं पेय तेच असू शकतं. पुढचं चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

नुसत्या उन्हासाठी पाणी, घरचं ताक, लिंबू-सरबत आणि नेहमीचं जेवण पुरतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला फक्त दूध, वरून पाणीसुद्धा नाही. ओआरएसची पुडी पिशवीत ठेवा, ती उलट्या-जुलाबांसाठी. पुडी २०० मिलिलिटरची आहे की लिटरची ते वाचा आणि तेवढ्याच पाण्यात सगळी एकदम विरघळवा. अर्धी पुडी अंदाजाने कालवू नका.

वॉटर पार्कसाठी दोन्ही नातवंडांना (वय दोन आणि चार) दंडात घालायचे फुगे ऑनलाइन घेतले. ‘पूर्ण सुरक्षित’ असं लिहिलं आहे. आम्ही काठावर खुर्चीत बसून लक्ष ठेवू. शिवाय लाइफगार्ड असतातच. एवढं पुरेल ना? (पनवेल)

पुरणार नाही. या उत्तराला मी जास्त जागा घेणार आहे.

ते फुगे खेळणं आहे. ते निसटतात, त्यांची हवा जाते, आणि सर्वांत वाईट म्हणजे ते मोठ्यांना निश्चिंत करतात. ‘पूर्ण सुरक्षित’ हे विकणाऱ्याचं वाक्य आहे. घालायचंच तर मापाचं, पट्टे आवळता येणारं, प्रमाणित लाइफ जॅकेट घाला, आणि तेही तुमच्या हाताच्या जोडीला, हाताच्या बदल्यात नाही.

बुडणारं मूल ओरडतं, हात हलवतं, असं तुमच्या डोळ्यांपुढे असेल. तसं होत नाही. तोंड श्वासासाठी धडपडत असतं, ओरडायला हवा उरत नाही. हात पाण्यावर दाबले जातात, वर येत नाहीत. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. पालथं पडलं की त्याला उठता येत नाही, मग पाणी वीतभर का असेना. हे सगळं आवाज न होता घडतं आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसं बुडून जातात आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं असतात.

मी शिकाऊ डॉक्टर असताना एका रिसॉर्टवरून आणलेलं मूल पाहिलं होतं. काठावर सहा मोठी माणसं होती. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय. ते मूल वाचलं नाही. म्हणून सांगते: ‘सगळ्यांनी लक्ष ठेवू’ म्हणजे कुणीच न ठेवणं. एका मुलामागे एक मोठं माणूस, तेही खुर्चीत नाही, पाण्यात, हात लांबवला की मूल हाताला लागेल इतक्या जवळ. मोबाइल लॉकरमध्ये. पाळी बदलताना तोंडाने बोला: ‘आता तू बघ’ आणि समोरून ‘हो, मी बघतेय’ असं ऐकू आल्याशिवाय नजर काढू नका. लाइफगार्ड शेकडो लोकांकडे बघत असतो, तुमच्या नातवाकडे नाही. वेव्ह पूलमध्ये पाच वर्षांखालचं मूल नेऊच नका. लाट पाय उचलते आणि गर्दी मूल झाकते. पोहण्याचे कपडे निळे घेऊ नका, पाण्याखाली दिसत नाहीत. भडक केशरी किंवा गुलाबी घ्या.

तुम्हा दोघांपैकी एकाचे गुडघे दुखत असतील किंवा एकाला पाण्यात उतरायची भीती वाटत असेल, तर मुलं दोन आणि माणूस एकच. मग त्या दिवशी पाणी रद्द करा किंवा आई-बाबांपैकी कुणाला तरी बरोबर न्या. पार्कातून परतल्यावर हॉटेलच्या तलावाचीही हीच गोष्ट: बॅगा उघडताना खोलीचं दार उघडं राहतं आणि मूल बाहेर जातं.

चुकून घडलंच, तर मुलाला उलटं धरून पाणी काढू नका, पोट दाबू नका. ही जुनी समजूत फार घातक आहे, तिच्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब आणि पुन्हा श्वास. दुसऱ्या कुणाला १०८ किंवा ११२ला फोन करायला सांगा. हे वाचून येत नाही, हाताने करून शिकावं लागतं. जवळच्या रुग्णालयात प्रशिक्षण कधी असतं ते विचारा आणि सहलीआधी दोघंही करा. पाण्याखाली जाऊन आलेलं मूल खोकत असेल, धापत असेल किंवा सुस्त वाटत असेल तर त्याच दिवशी, तत्काळ रुग्णालयात न्या. पाण्यातून बरं बाहेर आलेलं मूलही आठवड्याने ‘कोरडं बुडून’ दगावतं, असा निरोप मोबाइलवर फिरतो, तो खोटा आहे. त्रास होणार असेल तर पहिल्या काही तासांतच दिसतो.

पोहण्याचा लंगोट घातला की पाणी घाण होत नाही ना? (वसई)

होतं. तो फक्त घट्ट शी थोडा वेळ अडवतो. जुलाब होत असलेलं मूल पाण्यात उतरवू नका. क्लोरीनलाही दाद न देणारे जंतू असतात आणि ते इतर मुलांच्या पोटात जातात. जुलाब थांबल्यावर किती दिवसांनी उतरवायचं ते डॉक्टरांना विचारा.

गर्दीत मूल हरवलं तर? (सोलापूर)

सकाळी आत जाण्याआधी त्या दिवसाच्या कपड्यांत फोटो काढा आणि दंडावर पेनने तुमचा फोन नंबर लिहा. हरवल्यावर आधी जवळचं पाणी बघा, मग बाकी सगळं.

परवा निघायचं आहे. काल रात्रीपासून नातीला १०१ ताप आहे, दोनदा उलटी झाली. पॅरासिटामॉल देऊन नेलं तर चालेल का? तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत. (नागपूर)

पत्र माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तुमचा ‘परवा’ उलटून गेला असेल, पण दर सुट्टीत हाच प्रश्न येतो म्हणून उत्तर देते. नेऊ नका. औषधाने ताप उतरतो, आजार जात नाही, आणि उन्हात उलट्या होणारं मूल काही तासांत कोरडं पडतं. असं झालं की पत्र लिहीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सहा-आठ तास लघवी झाली नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, मूल सुस्त असेल, धापत असेल, अंगावर पुरळ असेल किंवा झटका आला असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबू नका. तिकिटांसाठी पार्कला फोन करून तारीख बदलून मिळते का ते विचारा. त्यांना वैद्यकीय दाखला लागत असेल तर मुलीला तपासणारे डॉक्टर देतील.