स्विचवरून पिंग (पोचतंय का हे बघणारा छोटा संदेश) जातो, पण व्हीलॅनमधल्या (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कमधल्या) कॉम्प्युटरला नेट नाही. गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) स्विचवर ठेवू की फायरवॉलवर (येणारं-जाणारं नियमांनी तपासणाऱ्या पेटीवर)?

तुमची मांडणी मला अशी समजली: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, एक लेअर थ्री स्विच (राउटिंग करणारा, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात रस्ता देणारा), एक फायरवॉल. व्हीलॅन १० ऑफिसला, २० कॅमेऱ्यांना, ३० पाहुण्यांच्या वायफायला. तिन्हींचे गेटवे स्विचवर, आणि स्विच ते फायरवॉल मध्ये ९९ नंबरचा व्हीलॅन. आपापसांत पिंग होतो, स्विचवरून ८.८.८.८ लाही (इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता) जातो, फक्त कॉम्प्युटरवर नेट नाही.

स्विचवरून पिंग जातो, यातच दुखणं सापडतं. स्विच स्वतः पिंग करतो तेव्हा पॅकेटवर (माहितीच्या तुकड्यावर) त्याचा ९९ मधला पत्ता असतो, समजा १०.९९.०.२. ते नेटवर्क फायरवॉलच्या पोर्टलाच लागून आहे, म्हणून उत्तर कुठे पाठवायचं हे तिला कळतं. ऑफिसचं पॅकेट येतं १०.१०.१०.२५ वरून. ते नेटवर्क स्विचच्या पलीकडे आहे हे फायरवॉलला कोणी सांगितलेलंच नसतं, मग ती एकतर पॅकेट दारातच टाकून देते किंवा उत्तर भलतीकडे जातं. खात्री करायची तर स्विचवरून सोर्स (पाठवणाऱ्याचा पत्ता) १०.१०.१०.१ देऊन पिंग करा. तो अडकेल.

उपाय फायरवॉलवर आहे: १०.१०.०.०/१६ साठी (१०.१० ने सुरू होणारे सगळे पत्ते) स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला रस्ता), नेक्स्ट हॉप (पुढचा टप्पा) १०.९९.०.२. त्या एका ओळीत तिन्ही व्हीलॅन येतात. शिवाय नॅट (आतले पत्ते बाहेर जाताना पब्लिक पत्त्यात बदलणं) आणि पॉलिसी (कोणाला जाऊ द्यायचं याचे नियम) या दोन्हींत ही तिन्ही नेटवर्क सोर्स म्हणून हवीत. काही फायरवॉल आपोआप नॅट करतात ते फक्त थेट जोडलेल्या नेटवर्कचं. स्विचवर डीफॉल्ट रूट (बाकी सगळ्यासाठीचा रस्ता) १०.९९.०.१ कडे, म्हणजे फायरवॉलकडे, आहेच, नाहीतर त्याचा पिंग गेला नसता.

नेट सुरू होईल, पण मी तुमच्या जागी असतो तर तिथे थांबलो नसतो. आत्ता पाहुण्याच्या मोबाइलवरून एनव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीला) पिंग होतो. गेटवे स्विचवर असल्यामुळे ते पॅकेट फायरवॉलपर्यंत पोचतच नाही, मग तिथे कितीही कडक नियम लिहा. स्विचवर एसीएल (कोणतं पॅकेट अडवायचं याच्या याद्या) लिहिता येतात, पण ते सांभाळणं कटकटीचं. तुमच्याएवढ्या कारखान्यात गेटवे फायरवॉलवरच न्यावेत असं माझं ठाम मत आहे. वेगाची काळजी नको: एनव्हीआर व्हीलॅन २० मध्येच ठेवलात तर रेकॉर्डिंगचा सगळा भार स्विचवरच राहतो, फायरवॉलमधून जातं ते फक्त ऑफिसमधून कॅमेरे बघणं.

हलवताना फायरवॉलच्या पोर्टवर १०, २०, ३० असे तीन सबइंटरफेस (एकाच पोर्टचे नंबरनुसार भाग) करा आणि स्विचचा तिकडे जाणारा पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारा) करून तिन्ही टॅग्ड, म्हणजे पॅकेटवर व्हीलॅनचा नंबर लावून, द्या. नंबर दोन्हीकडे तंतोतंत तोच हवा, नाव काहीही चालतं. पत्ते आत्ता स्विचवर आहेत तेच, म्हणजे शेवटी .१ वाले, फायरवॉलला द्या. मग हाताने आयपी दिलेल्या कॅमेऱ्यांना हात लावावा लागत नाही. डीएचसीपीही (आपोआप आयपी वाटणं) फायरवॉलवरच घ्या, रिले (ती मागणी दुसऱ्या नेटवर्कमध्ये पोचवणं) लागणार नाही.

त्याच वेळी स्विचवरचे तिन्ही पत्ते काढून टाका. सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. स्विचवर शेवटी .२ वाले पत्ते ठेवून राउटिंग चालू राहिलं आणि एखाद्या कॅमेऱ्याचा गेटवे तो .२ च असला, तर ऑफिसमधून जाणारं पॅकेट फायरवॉलमधून जातं आणि उत्तर स्विचमधून परस्पर येतं. अर्धंच संभाषण दिसल्यामुळे फायरवॉल कनेक्शन तोडते. पिंग नीट होतो, कॅमेऱ्याचं पान मात्र उघडत नाही.

मागांच्या शेडमधला छोटा स्विचही तपासा. त्याच्या कॅमेरा पोर्टवर २० अनटॅग्ड (नंबर न लावता) केलं तरी बऱ्याच मॉडेलमध्ये पीव्हीआयडी (नंबर नसलेलं आत येणारं पॅकेट कोणत्या व्हीलॅनमध्ये घालायचं ते) वेगळा बदलावा लागतो. तो १ राहिला तर कॅमेऱ्याचं पॅकेट व्हीलॅन १ मध्ये शिरतं. (कापसाचा तूस फार उडतो, म्हणून शेडमध्ये बिनपंख्याचा स्विच बंद पेटीत बसवा.)

हे सगळं शिफ्ट बंद असताना, कन्सोल केबल (कॉम्प्युटर थेट स्विचला जोडणारी) लावूनच करा, कारण ट्रंक बदलताना नेटवर्कवरून स्विच हातातून जाऊ शकतो. स्विचला स्वतःचा एक मॅनेजमेंट पत्ता आणि फायरवॉलकडचा डीफॉल्ट गेटवे ठेवा. तरीही अडलं तर स्विचचा एआरपी टेबल (कोणता आयपी कोणत्या उपकरणाचा याची यादी) आणि फायरवॉलवरचा पॅकेट कॅप्चर (आल्या-गेल्या पॅकेटची नोंद) इथे टाका, पब्लिक आयपी झाकून. मी बघतो.