अटॅक्सियाच्या रुग्णांसाठी फिजिओथेरपिस्ट व्हायचे आहे

प्रश्न : माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिने नीट परीक्षाही दिली आहे. माझ्या धाकट्या भावाला सहा वर्षांपूर्वी एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २) या आनुवंशिक अटॅक्सियाचे, म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ बिघडवणाऱ्या विकाराचे, निदान झाले. आमच्या वडिलांनाही उतारवयात असाच त्रास होता. मामाचे हाल पाहून मुलीने फिजिओथेरपी शिकून अशाच रुग्णांसाठी काम करायचे ठरवले आहे. असा वेगळा अभ्यासक्रम असतो का? त्यावर तिचा चरितार्थ चालेल का? की ती भावनेच्या भरात निर्णय घेते आहे? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आपले पत्र दोनदा वाचले. आपल्या मुलीची वाट चुकलेली नाही, पण ती कुठून जाते हे तिने आधी नीट समजून घ्यायला हवे.

केवळ अटॅक्सियासाठी वेगळी पदवी नसते. आधी फिजिओथेरपीची पदवी घ्यावी लागते. महाराष्ट्रात तिचे प्रवेश नीटच्या आधारे राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. आजवर इंटर्नशिप धरून हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता; नव्या राष्ट्रीय आराखड्यात तो एक वर्षाच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांचा केला आहे, म्हणून यंदाची माहितीपुस्तिका बारकाईने वाचावी. त्यानंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असते आणि तिथे मज्जासंस्थेचे विकार, म्हणजे न्यूरो फिजिओथेरपी, हा विषय निवडता येतो. अटॅक्सिया शिकायचा तो याच शाखेत, पक्षाघात, पार्किन्सन आणि मणक्याच्या इजांच्या रुग्णांसोबत.

पण अभ्यासक्रमापेक्षा एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. अटॅक्सियात बहुधा स्नायूंची ताकद गेलेली नसते, तर ती ताकद केव्हा, किती आणि कोणत्या दिशेने वापरायची याचा हिशेब बिघडलेला असतो. हा हिशेब लहान मेंदू ठेवतो. एससीएमध्ये लहान मेंदूच्या पेशी हळूहळू झिजत जातात आणि म्हणून माणूस पाय फाकवून चालतो, वळताना भिंतीचा आधार घेतो, बोलताना शब्द तुटतात. एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात मी पाहिले होते की अशाच एका गृहस्थांना विद्यार्थी वजने उचलायला लावत होते. दंड भरदार होते, पण चहाचा पेला ओठांजवळ नेताच हात असा हेलकावे खाई की चहा सदऱ्यावर सांडे. नंतर एका अनुभवी बाईंनी त्यांना टेबलाजवळ नीट बसवले, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, कोपर टेबलावर ठेवायला सांगितले आणि अर्धाच भरलेला जड पेला दोन्ही हातांत दिला. तो चहा त्यांनी न सांडता प्यायला. आपल्या मुलीला जे शिकायचे आहे ते हेच, आणि ते शिकायला रुग्णाशेजारी पुष्कळ तास बसावे लागते.

उपचाराने खरेच फरक पडतो का, ही शंका आपल्या मनात असणार, कारण आजार वाढत जाणारा आहे. जपानमध्ये ४२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवडे रोज तोल, चालणे आणि दैनंदिन कामे यांचा सराव करवून घेतल्यावर रुग्णांच्या चालण्यात आणि तोलात सुधारणा दिसली. हातापायांपेक्षा धडाचा तोल अधिक सुधारला. पुढच्या काही महिन्यांत मात्र हा लाभ ओसरत गेला. यातून मी असा अर्थ घेतो की अटॅक्सियाच्या रुग्णाला पंधरा दिवसांचा कोर्स देऊन घरी पाठवणे पुरत नाही. त्याच्यासोबत वर्षानुवर्षे राहणारा, घरी येऊन मोरीची ओली फरशी, दाराचा उंबरठा आणि पायऱ्यांचा कठडा पाहणारा फिजिओथेरपिस्ट लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी असे लोक फार थोडे आहेत, याची मला मनापासून खंत वाटते.

विद्यार्थीदशेतच तिने मोजमापाची सवय लावून घ्यावी. अटॅक्सियासाठी सारा नावाची मोजणी जगभर वापरली जाते. चालणे, उभे राहणे, बसणे, बोलणे आणि हातापायांच्या चार चाचण्या, अशा आठ गोष्टींवरून ० ते ४० गुण देतात. गुण जितके जास्त तितका त्रास अधिक. तसेच लहान मेंदूमुळे जाणारा तोल आणि पायांची जाणीव गेल्यामुळे जाणारा तोल यांतला फरक तिला हाताने कळला पाहिजे. दुसऱ्या प्रकारातला रुग्ण डोळे मिटताच डोलू लागतो, कारण नजरच त्याला सावरत असते. स्वित्झर्लंडमधील डॉ. फ्रेंकेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच नजरेच्या आधाराने चालायला शिकवणारे व्यायाम बसवले आणि ते आजही शिकवले जातात.

पसंतीक्रम भरताना महाविद्यालयाच्या इमारतीकडे किंवा जाहिरातीकडे पाहू नये. सोबत स्वतःचे मोठे रुग्णालय आहे का, तिथे न्यूरॉलॉजीचा बाह्यरुग्ण विभाग नियमित चालतो का, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष किती रुग्ण हाताळायला मिळतात, हे तिथल्या अंतिम वर्षाच्या मुलांनाच विचारावे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले फिजिओथेरपीचे शिक्षण देशात सर्वांत जुने. ते १९५० च्या दशकात सुरू झाले. शक्य झाल्यास तिथवर जाऊन एक सकाळ तो विभाग पाहून यावे. पुढे पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात बंगळूरच्या निम्हान्ससारख्या, मेंदू आणि मनाच्या विकारांवर काम करणाऱ्या संस्थेत काही आठवडे निरीक्षणासाठी जाता आले, तर फार उपयोग होईल.

चरितार्थाबद्दल स्पष्ट सांगतो. केवळ अटॅक्सियाच्या रुग्णांवर दवाखाना चालणार नाही, कारण हे विकार विरळ आहेत. सुरुवातीचा पगारही बेताचाच असतो. पण पक्षाघाताचे रुग्ण प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि घरी जाऊन उपचार करणाऱ्या चांगल्या न्यूरो फिजिओथेरपिस्टला काम कमी पडत नाही. तिने पोटासाठी हे काम करावे आणि अटॅक्सियाचे रुग्ण हा आपल्या अभ्यासाचा खास भाग मानावा.

आता आपण न विचारलेली एक गोष्ट. एससीए-२ मध्ये बाधित आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला जनुकातला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. आपल्या वडिलांचा त्रासही हाच असेल, तर हा प्रश्न आपल्यापर्यंतही येतो. आपल्याकडे तो दोष आला नसेल, तर मुलीपर्यंत जाण्याचा प्रश्न उरत नाही. चाचणी करायची की नाही, हा सज्ञान व्यक्तीचा स्वतःचा निर्णय आहे, आणि तो आनुवंशिकतेच्या समुपदेशकाशी बोलल्यावरच घ्यावा. त्यासाठी कोणीही आपल्यावर किंवा मुलीवर दडपण आणू नये. पण हे तिला वर्गात, एखाद्या व्याख्यानात, चाळीस मुलांमध्ये बसून प्रथमच कळावे असे मला वाटत नाही. प्रवेशाआधी आपण दोघींनी शांतपणे याविषयी बोलावे.

आणि भावनेबद्दल म्हणाल, तर तिची कसोटी घ्यायला सोपा उपाय आहे. प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत तिने रोज तासभर मामांच्या सोबत बसावे आणि त्यांना कोणते काम कुठे अडते, थकल्यावर काय बिघडते, कोणत्या खुर्चीवरून उठणे सोपे जाते, हे वहीत लिहावे. महिनाभराने ती वही कंटाळा न करता चालू असेल, तर आपण निश्चिंत मनाने पसंतीक्रम भरावा.