२००६ सालचं घर, छप्पर मूळचंच, आणि आता एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं) पत्र आलंय. सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसच्या उत्तरेला उपनगरात घर, शिंगल्स (कौलांच्या जागी घातलेले डांबरी तुकडे) बिल्डरनं घातलेल्या त्याच, परवाच्या गारांनंतर दारावर रोज एक नवा रूफर, म्हणजे छपराचा कंत्राटदार, आणि त्यातच एचओएचं पत्र की छपराची अवस्था नियमांत बसत नाही. आधी एचओएशी बोलावं, इन्शुरन्सला फोन करावा की कॉन्ट्रॅक्टर ठरवावा, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: या तिघांच्याही आधी टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये, म्हणजे छप्पर आणि सीलिंग यांच्यामधल्या पोकळीत, जा.

मी कॉलिन काउंटीत राहतो. याच घराचं छप्पर दोनदा बदललं आहे, एकदा चुकीच्या पद्धतीनं आणि एकदा नीट. मधली तीन वर्षं आमच्या एचओएच्या आर्किटेक्चरल कमिटीवर (घराच्या बाहेरच्या बदलांना मंजुरी देणाऱ्या) होतो, त्यामुळे छपरांचे अर्ज टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. एचओए बघते ते रस्त्यावरून दिसणारं. इन्शुरन्स कंपनी बघते ते गारांनी फोडलेलं. पण पाणी घरात शिरतं त्या जागा या दोघांच्याही कागदांवर नसतात. त्या घरमालकानंच बघायच्या असतात, आणि नेमकं तेच आपण करत नाही, कारण मंजुरी आली आणि चेक आला की काम मार्गी लागलं असं वाटतं.

२०१६ च्या वसंतात आपल्या भागाला गारांनी झोडपून काढलं होतं. तुम्ही तेव्हा इथे असाल तर वायली शहरातली घरं आठवत असतील. आमच्याकडे गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ टॅबलेट घेऊन दारात. 'फक्त वर चढून बघायची परवानगी हवी, इथे सही करा.' मी केली. तो प्रत्यक्षात करार होता: इन्शुरन्सनं क्लेम मंजूर केला तर काम त्यांच्याच कंपनीला. पुढे सगळं झरझर झालं, रंग एचओएच्या यादीतला होता, कमिटीचं मंजुरीपत्र आलं, छप्पर छान दिसत होतं. सव्वा वर्षानं वरच्या मजल्यावर बाथरूमबाहेरच्या सीलिंगवर चहाच्या कपाच्या बुडाएवढा पिवळट डाग आला. ॲटिकमध्ये गेलो तर प्लंबिंगचा पाइप छपरातून वर जातो तिथली डेकिंग, म्हणजे शिंगल्सखालचे लाकडी तक्ते, काळी पडलेली, बोट दाबलं तर आत जात होतं. त्या लोकांनी नव्या शिंगल्स घालताना पाइपभोवतीची जुनी रबरी कॉलर तशीच ठेवली होती. उन्हानं ती तडकली होती. सगळ्या कामात तिची किंमत किरकोळ, पण दुरुस्तीसाठी डेकिंग, इन्सुलेशन आणि सीलिंग असं तिन्ही उघडावं लागलं.

त्या दिवशी मला आमच्या कोकणातल्या घराची शाकारणी फार आठवली. मे महिन्यात कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, पुन्हा चढवायची. आजोबांचं लक्ष कौलांवर कमी आणि खालच्या रिपांवर जास्त असायचं. कुठली रीप नरम झाली आहे ते ते हातानं दाबून बघायचे.

तर ॲटिकमध्ये काय बघायचं? पाइप, एक्झॉस्टची नळकांडी आणि चिमणी जिथून छपरातून बाहेर जातात तिथे काळे डाग आहेत का. खिळ्यांची टोकं गंजली आहेत का. दोन पाखी जिथे आत वळून मिळतात ती व्हॅली कोरडी आहे का. डेकिंगच्या आतल्या बाजूला चकचकीत फॉइल आहे का, हेही बघा. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत उष्णता परतवायला तशी डेकिंग वापरतात, आणि एखादा तक्ता बदलायचा झाला तर तसाच यायला हवा. आणि वळचणीकडे, जिथून हवा आत यायची असते, तिथली भोकं इन्सुलेशननं बुजली आहेत का. सगळ्याचे फोटो काढून ठेवा. बाहेर छपराच्या कडेच्या पन्हळीत, म्हणजे गटरमध्ये, हात घालून बघा. जाडसर काळ्या वाळूसारखे दाणे मुठीनं निघाले, तर शिंगल्सचं वरचं कवच गेलं असं समजा. आपल्या उन्हात एवढी वर्षं टिकलेलं बिल्डरचं छप्पर थकलेलंच असणार, त्यात तुमच्या देखभालीची चूक नाही.

आता इन्शुरन्स. जुनं झालं म्हणून इन्शुरन्स छप्पर बदलून देत नाही. गारांनी किंवा वाऱ्यानं नुकसान झालं असेल तरच देतो, तेव्हा 'काहीतरी करून क्लेम बसवतो' म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा आणि कुणालाही एकट्याला छपरावर चढू देऊ नका. हातोडीनं 'गारांचे' डाग पाडणारे लोक असतात. फोन करण्याआधी पॉलिसीतल्या दोन गोष्टी वाचा. छपराची भरपाई नव्याच्या किमतीनं आहे की घसारा वजा करून? जुन्या छपरांसाठी बऱ्याच कंपन्या दुसरा प्रकार गुपचूप लावतात, आणि मग हातात येणारी रक्कम फारच कमी होते. दुसरं, वारा-गारांचा डिडक्टिबल, म्हणजे आधी तुम्ही स्वतः भरायचा वाटा, किती टक्के आहे? तो क्लेमच्या रकमेवर नसतो, घराच्या विमा रकमेवर असतो. घर ५,००,००० डॉलरला विमा केलेलं असेल आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर पहिले १०,००० डॉलर तुमचे.

हा डिडक्टिबल 'आम्ही बघून घेतो' असं रूफर म्हणाला तर तिथेच थांबा. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून तसं करणं बेकायदा आहे आणि तुम्ही तो भरल्याचा पुरावा विमा कंपनी मागू शकते. रूफरनं तुमच्या वतीनं क्लेमच्या वाटाघाटी करणंही इथल्या कायद्यात बसत नाही. ॲडजस्टर, म्हणजे विमा कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस, आला की तो पाखावर १० फूट बाय १० फुटांचा चौकोन आखून त्यातले गारांचे घाव खडूनं गोल करतो. त्या वेळी घरी राहा आणि तुमचे फोटो त्याला दाखवा. भरपाई नव्याच्या किमतीनं असेल तरी आधी घसारा कापून चेक येतो, उरलेले पैसे काम पूर्ण झाल्याची बिलं दिल्यावर मिळतात. घरावर कर्ज असेल तर चेकवर बहुधा बँकेचंही नाव असतं आणि तिच्या सहीत आठवडे जातात. कॉन्ट्रॅक्टरला तारीख देताना हे धरून चाला.

एचओएचा भाग लोकांना वाटतो तितका भीतीदायक नाही, फक्त सगळं लेखी हवं. आलेल्या पत्राला उत्तर द्याच. दंडाआधीच्या नोटिशीत सुनावणी मागायचा हक्क लिहिलेला असतो, आणि ती मागणी पत्र पोस्टात पडल्यापासून ३० दिवसांत करायची असते. एका ईमेलमध्ये लिहा की छप्पर तपासून घेत आहे, अमुक तारखेपर्यंत अर्ज करतो. कमिटीवर असताना मी पाहिलंय, ज्याचं उत्तर आलंय त्याच्या मागे कुणी लागत नाही.

मग अर्ज. नुसतं 'शिंगल्स बदलणार, रंग करडा' लिहिलेले अर्ज आमच्याकडून परत जायचे आणि मालक चिडायचे. कंपनी, उत्पादनाचं नाव आणि रंगाचं कॅटलॉगमधलं नाव द्या. 'वेदर्ड वूड' आणि 'ड्रिफ्टवूड' हे कागदावर जवळचे वाटतात, उन्हात वेगळे दिसतात. शक्य असेल तर खरी शिंगल घेऊन बाहेर विटांच्या भिंतीला लावून फोटो काढा, सकाळी एक आणि दुपारी एक. व्हेंट (हवा जायच्या जागा) कुठे येणार, गटर आणि कडेच्या पट्ट्यांचा रंग कोणता, हेही लिहा. मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय माल मागवू नका. आमच्या गल्लीत एकांनी 'एवढं काय त्यात' म्हणून आधीच काळ्या शिंगल्स घातल्या होत्या. त्यांच्याशी झालेल्या त्या बैठका मला आजही नको वाटतात, कारण माणूस चांगला होता आणि पैसे घालून बसला होता.

तुमच्या बाजूनं कायदा काय आहे तेही माहीत असू द्या. टेक्सस प्रॉपर्टी कोडच्या २०२.०११ कलमानुसार गारा-वाऱ्याला तोंड देणाऱ्या, जास्त ऊर्जा वाचवणाऱ्या किंवा सौर वीज देणाऱ्या शिंगल्सना एचओए सरसकट नाही म्हणू शकत नाही. अट अशी की त्या वसाहतीतल्या नेहमीच्या शिंगल्ससारख्या दिसाव्यात, त्यांच्यापेक्षा जास्त टिकाऊ आणि दर्जानं त्यांच्या तोडीच्या किंवा सरस असाव्यात आणि आजूबाजूशी जुळाव्यात. ४० पेक्षा जास्त घरांच्या वसाहतीत अर्ज नाकारला तर कारणं आणि काय बदललं म्हणजे मंजुरी मिळेल हे लेखी द्यावं लागतं, आणि तुम्ही ३० दिवसांत बोर्डापुढे सुनावणी मागू शकता. शिवाय एचओएची मंजुरी म्हणजे शहराचं परमिट नव्हे. परमिट लागतं का ते शहराच्या इमारत विभागात वेगळं विचारा.

दुसऱ्या वेळी मी क्लास ४ च्या शिंगल्स घेतल्या आणि तुम्हालाही त्याच सुचवेन. यूएल २२१८ या चाचणीत त्यांच्यावर २ इंची पोलादी गोळा २० फुटांवरून टाकतात आणि त्या तडकत नाहीत. महाग पडतात, पण आपल्याकडे बऱ्याच विमा कंपन्या त्यासाठी हप्त्यात सूट देतात. सूट किती ते आधी एजंटला विचारा आणि त्याबदल्यात 'नुसत्या दिसण्यातल्या नुकसानीची भरपाई नाही' अशा कागदावर सही मागताहेत का तेही बघा. मी एका बंडलचं वेष्टन अजून फाइलमध्ये जपून ठेवलंय, त्यावर क्लास ४ छापलेलं आहे.

कॉन्ट्रॅक्टर निवडताना लक्षात ठेवा, टेक्ससमध्ये रूफरला राज्याचा परवाना लागत नाही. टेम्पो आणि शिडी असलेला कुणीही रूफर होतो. म्हणून त्याच्या विम्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडून न घेता थेट विमा एजंटकडून मागवा, आणि त्यानं पाच-सात वर्षांपूर्वी केलेली घरं जाऊन बघा. मागच्या महिन्यातलं काम सगळ्यांचंच छान दिसतं.

करारात मी हे शब्दांत लिहून घेतलं: जुनं सगळं डेकिंगपर्यंत काढायचं, वरून दुसरा थर नाही. सगळ्या पाइप कॉलर नव्या. भिंतीला छप्पर भिडतं तिथलं स्टेप फ्लॅशिंग (पाणी अडवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) नवं, काढता येत नसेल तर कुठे आणि का ते आधी दाखवायचं. व्हॅलीत खाली चिकटणारा जलरोधक थर. कडेला धातूची ड्रिप एज. दर शिंगलला ६ खिळे, शिंगलवरच्या खिळ्यांच्या पट्टीतच, खिळे मारायच्या गननं आत घुसवलेले नाहीत. खराब तक्ता बदलला तर दर तक्त्याचा दर आधीच ठरलेला आणि प्रत्येकाचा फोटो. आढ्यावर रिज व्हेंट घालणार असाल तर छपरावरचे जुने फिरते पंखे काढून भोकं बुजवायची. दोन्ही ठेवले की हवा वरच्या वर एकातून शिरून दुसऱ्यातून निघते, खालून ओढली जात नाही. शेवटचा हप्ता मालाच्या दुकानदाराचे आणि कामगारांचे पैसे चुकते झाल्याचा लेखी कागद मिळाल्यावरच.

आमचं छप्पर ३४ स्क्वेअरचं होतं. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, त्याला बहुधा तीन बंडल, म्हणजे शंभरावर बंडल. काम एका दिवसात झालं. आदल्या रात्री गाड्या गॅरेजमधून काढून रस्त्यावर लावा, सकाळी ड्राइव्हवेवर ट्रेलर येतो. भिंतीवरच्या तसबिरी उतरवा, दिवसभर घर हादरत असतं. कढीपत्त्याची कुंडी आणि तुळस भिंतीपासून लांब न्या. ॲटिकमधल्या सामानावर जुन्या चादरी टाका. पहिल्या वेळी आमच्या गणपतीच्या मखरावर डांबराचा चुरा पडला होता, तो थर्माकोलमधून काही निघाला नाही. मुख्य म्हणजे जुनं सगळं निघाल्यावर आणि नवं झाकायच्या आत फोरमनकडून डेकिंगचे आणि फ्लॅशिंगचे फोटो घ्या. तेवढाच तासा-दोन तासांचा अवधी असतो. संध्याकाळी लोहचुंबक फिरवून खिळे गोळा करतात, दुसऱ्या दिवशी उजेडात गवतातून तो पुन्हा फिरवायला सांगा.

तुमचं घर स्वतंत्र आहे असं धरून हे लिहिलं. टाउनहाउस असेल तर आधी वसाहतीचे मूळ दस्त वाचा, छप्पर बहुधा असोसिएशनचं असतं आणि खर्च तिच्या राखीव निधीतून होतो. माझी बहीण न्यू जर्सीत तशा वसाहतीत आहे. तिथे २०२४ पासून असोसिएशनला राखीव निधीचा अभ्यास करून घेणं कायद्यानं बंधनकारक झालं, तेव्हा तिला कळलं की छपरांसाठी साठवलेले पैसे पुरणार नाहीत.

सध्या गर्मी चढतेय, म्हणून ॲटिकमध्ये सकाळी सातच्या आत जा, पाय फक्त लाकडी वाशांवर ठेवा, मधल्या इन्सुलेशनवर नको, खाली नुसतं सीलिंग असतं. पाइपांभोवतीचे फोटो इथे टाकलेत तर मी बघून सांगेन. एचओएला उत्तराचा ईमेल मात्र आजच पाठवा.