भाडेकरू निघालेला नसताना विक्रीपत्र करावे का?

आपण लिहिले आहे की नागपूरच्या प्रतापनगरातील फ्लॅटचा सौदा ठरला, बयाणा दिला, बँकेचे कर्जही मंजूर झाले, परंतु भाडेकरूचा करार मार्चमध्ये संपूनही तो घरातच आहे, आणि विक्रेते म्हणतात, "रजिस्ट्री करून घ्या, पुढच्या महिन्यात तो जाईलच." माझे स्पष्ट मत असे आहे की घर रिकामे होऊन किल्ल्या हाती येण्याच्या स्थितीत असल्याशिवाय विक्रीपत्र करू नये, मग त्यासाठी बँकेच्या मंजुरीची मुदत वाढवून घ्यावी लागली तरी चालेल.

रजिस्ट्रीच्या दिवशी बँकेचा धनादेश विक्रेत्याच्या हाती पडतो, आणि त्या क्षणापासून भाडेकरूला घाई करण्याचे त्याला काहीच कारण उरत नाही. आपला हप्ता सुरू होतो, आपले स्वतःचे घरभाडेही सुरूच राहते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 याच्या कलम 109 नुसार नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, त्यामुळे भाडेकरूचे जे हक्क जुन्या मालकाविरुद्ध होते ते आता आपल्याविरुद्ध उभे राहतात. "मला ठाऊक नव्हते" असेही म्हणता येत नाही, कारण घरात जो प्रत्यक्ष राहतो त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होती असे याच कायद्याचे कलम 3 गृहीत धरते. शिवाय कलम 55 प्रमाणे विक्रेत्याने मालमत्तेच्या स्वरूपानुसार शक्य तोच कब्जा द्यायचा असतो. म्हणून करारनाम्यात नुसता "कब्जा" शब्द पुरेसा नाही; "रिकामा व प्रत्यक्ष कब्जा" असे लिहून घ्यावे, आणि तो न मिळाल्यास बयाणा किती दिवसांत परत मिळेल हेही त्यातच नमूद करावे.

आता सर्वांत महत्त्वाचे: राहणारा नेमका कोण आहे? नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणारा करार) असेल तर परिस्थिती बरीच सोपी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 24 खाली मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि घर न सोडणाऱ्याला करारात ठरलेल्या मासिक रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हा अर्ज ज्यांनी करार केला त्या विक्रेत्यांनीच, विक्रीपूर्वी करावा. तो भार आपल्या अंगावर घेऊ नये. अकरा महिन्यांचा करार असल्यामुळे नोंदणी लागत नाही, असा समज आपल्याकडे फार आहे, पण तो चुकीचा आहे. याच भाडे कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि तसा नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणून तो करार आजच मागून पाहा.

महाल किंवा इतवारीतल्या जुन्या घरांतील पिढीजात भाडेकरू हा पूर्णपणे वेगळा विषय आहे. तिथे भाडे कायद्याच्या कलम 16 मधील कारणे न्यायालयात सिद्ध करावी लागतात, स्वतःच्या गरजेचे कारण असले तरी दोन्ही पक्षांची अडचण तोलली जाते. असे घर राहण्यासाठी घेऊ नये.

मात्र एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो. 2012 साली आम्ही त्रिमूर्तीनगरात घर घेत होतो आणि भाडेकरू दोन महिने हलेना. विक्रेत्याने त्याला आडमुठा ठरवले होते, आणि आम्हीही ते मान्य केले. शेवटी मी व पत्नी त्याच्याकडे जाऊन बसलो, तेव्हा त्याने करार दाखवला: त्याची साठ हजारांची अनामत विक्रेत्याने परत केलीच नव्हती, आणि तिच्याशिवाय त्याला दुसऱ्या घराची अनामत भरता येत नव्हती. आम्ही ती रक्कम घराच्या किमतीतून वजा करून, तिघांच्या सह्यांचा कागद करून, किल्ल्या घेतल्या त्या दिवशी त्याला धनादेशाने दिली. तीन आठवड्यांत घर रिकामे झाले. त्या दोन महिन्यांत आम्ही त्या माणसाबद्दल जे बोललो त्याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून आपण स्वतः जाऊन भेटा. त्याची मुले शाळेत असतील तर तारीख ठरवताना परीक्षा आणि जूनअखेर उघडणाऱ्या आपल्याकडच्या शाळा ध्यानात घ्या.

वीज किंवा पाणी तोडणे, कुलूप बदलणे, असे उपाय कोणी सुचवले तरी ते करू नका, विक्रेत्यालाही करू देऊ नका. अत्यावश्यक सेवा तोडण्यास भाडे कायद्याच्या कलम 29 ने मनाई आहे, आणि बळाने बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून कब्जा परत मिळवू शकतो.

रजिस्ट्रीच्या दिवशी सकाळी आधी फ्लॅटवर जा, सर्व खोल्या उघडून पाहा, वीज मीटरच्या आकड्याचे छायाचित्र घ्या, भाडेकरूकडून घर सोडल्याची सही घ्या, आणि मगच विक्रेत्यांसोबत दुय्यम निबंधक कार्यालयात जा.