कोकमाच्या छोट्या धंद्याला सोशल मीडियामुळे वेबसाइटवर गिऱ्हाईक मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कुडाळजवळ घरगुती आगळ (कोकमाचा खारट रस), आमसुलं आणि भिरंडेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) विकता, वेबसाइट आहे, इन्स्टाग्रामवर फॉलोअरही बरे आहेत, पण साइटवर कोणी फिरकत नाही. मग सोशल मीडियावर वेळ घालवावा का?

घालवावा, पण आधी साइटवर पान आणि मग पोस्ट, या क्रमाने. बहुतेकांचं उलटं चालतं आणि तिथेच गणित बिघडतं.

रील बघता बघता लिंक दाबून साइटवर येणारे थोडेच असतात. माणूस विरंगुळ्यासाठी अ‍ॅप उघडतो, त्याला बाहेर जायचं नसतं. खरा फायदा नंतर होतो. ज्याने आगळ कधी पाहिलेलंच नाही तो गुगलवर ते शोधेल कशाला? रीलमुळे त्याला ते माहीत होतं आणि दोन-चार दिवसांनी तो शोधतो, 'सोलकढीला आगळ किती घालायचं'. त्या वेळी नेमकं उत्तर तुमच्या साइटवर नसेल, तर रील तुमची आणि गिऱ्हाईक दुसऱ्याचं.

म्हणून आधी ते पान लिहा. आगळ म्हणजे रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मिठात काढलेला रस, त्यात साखर नसते, हे पहिल्याच ओळीत सांगा. सरबत समजून पाण्यात ओतणारा एक घोट घेऊन बाटली कायमची बाजूला ठेवतो आणि वर वाईट अभिप्राय देतो. मग प्रमाण द्या: एका मध्यम नारळाच्या दुधाला साधारण 3 ते 4 मोठे चमचे आगळ, वेगळं मीठ चव बघूनच, आणि कढी तापवायची नाही, दूध फुटतं. तुमचं आगळ दाट असेल तर तुमच्या बाटलीप्रमाणे आकडा बदला. पानाच्या शेवटी बाटलीची किंमत आणि मुंबई-पुण्याचा कुरिअर खर्च स्पष्ट लिहा. हा खर्च शेवटच्या पायरीवर अचानक दिसला की लोक ऑर्डर अर्धवट सोडतात.

आता रील. 20 ते 25 सेकंद पुरे. नारळाच्या दुधात आगळ पडतं आणि रंग गुलाबी होत जातो, तोच क्षण सुरुवातीला घ्या. प्रमाण अर्धं सांगून लोकांना ताटकळत ठेवू नका, पूर्ण सांगा. कढी जास्त आंबट झाली, फुटली तर काय करायचं, हे साइटवर आहे एवढं म्हणा. तारकर्लीच्या किनाऱ्यावरच्या सूर्यास्ताला आगळापेक्षा कितीतरी जास्त लाइक्स मिळतील, पण ते लोक समुद्र बघायला आलेले असतात. त्यांच्यातले फॉलोअर वाढले तरी बाटली विकली जात नाही. पर्यटकांची न्याहारी-निवास योजना चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

लिंकच्या बाबतीत काही खाचखळगे आहेत. इन्स्टाग्रामवर कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही. बायोमध्ये 5 लिंक देता येतात, आणि स्टोरीत लिंकचं स्टिकर चालतं. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातली आणि कमेंटमधली लिंक 2023 पासून दाबता येत नाही, मोठ्या व्हिडिओच्या वर्णनातली येते. आणि लिंक कधीही मुख्य पानाची देऊ नका. सोलकढीची रील बघून आलेल्याला समोर 'आमच्याविषयी' दिसलं की तो परत जातो.

इन्स्टाग्रामवरची लिंक अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथून यूपीआयचं अ‍ॅप उघडायला अनेकदा अडचण येते आणि पैसे भरता भरता माणूस निघून जातो. साध्या फोनवर, वायफाय बंद करून, स्वतःच्या बायोतून साइटवर जा आणि खरोखरची ऑर्डर करून बघा. पान उघडायला वेळ लागत असेल तर बहुतेक दोष फोटोंचा असतो. फोनमधला 4-5 एमबीचा फोटो तसाच चढवू नका, 1200 पिक्सेल रुंद करून 150-200 केबीपर्यंत आणा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं ते व्हॉट्सअ‍ॅप, आणि तेच मोजणीत दिसत नाही. तिथली साधी लिंक दाबून आलेला माणूस, साइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये 'डायरेक्ट' म्हणून, म्हणजे कुठून आला ते न कळता, नोंदला जातो. म्हणून प्रत्येक लिंकच्या शेवटी यूटीएमची खूण, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारे शब्द, जोडा: स्रोत, माध्यम आणि मोहिमेचं नाव. सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांतच लिहा, कारण मोठं-छोटं अक्षर बदललं की तीच गोष्ट दोन वेगळ्या ओळींत मोडते. स्वतःच्या साइटवरच्या आतल्या लिंकना मात्र ही खूण लावू नका, माणूस मुळात कुठून आला ते पुसलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) 256 जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. तेव्हा पार्सलमध्ये 'नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी टाकाच.

भिरंडेलाचं गिऱ्हाईक वेगळं आहे, आणि मला वाटतं तुमच्या साइटला खरा जोर तिथूनच मिळेल. टाचांच्या भेगांना लावणारे आहेतच, पण घरगुती साबण आणि लिप बाम करणारे देशभर पसरलेत. त्यांना ते 'कोकम बटर' म्हणून माहीत असतं, पानावर दोन्ही नावं हवीत. त्यांचे प्रश्न तांत्रिक असतात: वितळतं किती अंशांना (साधारण 40 च्या आसपास), वास येतो का, किलोचा भाव काय. हे लोक रीलवर कमी, फेसबुकच्या साबणवाल्या गटांत आणि यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओंवर जास्त भेटतात. गटात थेट जाहिरात टाकली तर काढून टाकतात. कोणी विचारलं की नीट उत्तर द्या, जास्त माहिती लागली तरच लिंक द्या. असे 10 जण आले तरी ते किलोने घेणारे असतात.

जाहिरातीत पैसे घालायचे झाले तर इन्स्टाग्रामच्या पोस्टखालचं 'बूस्ट' बटण नको. त्यात बरेचदा प्रोफाइल बघणारे किंवा मेसेज करणारेच मिळतात. अ‍ॅड्स मॅनेजरमधून (मेटाचं, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकचं जाहिरातींचं साधन) ट्रॅफिक निवडा, त्यात 'लँडिंग पेज व्ह्यू', म्हणजे पान खरंच उघडणारे, घ्या (त्यासाठी साइटवर मेटाचा पिक्सेल, म्हणजे भेटी मोजणारा छोटा कोड, लागतो), आणि जागा मुंबई, ठाणे, पुणे एवढीच ठेवा.

रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि सोलकढीची आठवणही उन्हाळ्यातच येते. गुगलला नवं पान वर आणायला वेळ लागतो, म्हणून पान जानेवारी-फेब्रुवारीत टाका, गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात इंडेक्सिंगची (पान गुगलच्या यादीत घेण्याची) विनंती करा आणि रील मार्चपासून सुरू करा. गणपतीत गावी आलेले चाकरमानी बाटल्या घेऊन परत जातात. त्या बाटल्यांच्या लेबलवर प्रमाणाच्या पानाचा क्यूआर कोड छापा, त्याला वेगळी यूटीएम खूण द्या, आणि दिवाळीपर्यंत त्या खुणेवरून किती जण आले ते बघून पुढचं लेबल किती छापायचं ते ठरवा.