वाचकांचे प्रश्न : कमिशन येतं, पण कुणाच्या खिशातून?

प्रश्न : 'घरबसल्या मोबाईलवर कमाई, पहिल्या आठवड्यात १५ हजार' अशी रील पाहून मी ९९ रुपयांच्या वेबिनारला बसले. शेवटी त्यांनी ४,९९९ आणि ९,९९९ रुपयांची पॅकेजं सांगितली. पॅकेजमध्ये ॲफिलिएट मार्केटिंगचा कोर्स मिळतो आणि तेच पॅकेज दुसऱ्याला विकलं की ७० टक्के कमिशन. कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि जीएसटी क्रमांकही दाखवला. सवलत आज रात्री बारापर्यंतच आहे म्हणतात. भरू का?
– एक गृहिणी, कराड

उत्तर : ताई, भरू नका.

ॲफिलिएट मार्केटिंग हा खरा धंदा आहे, म्हणूनच त्याचं नाव वापरलं जातं. ॲमेझॉनसारख्या कंपनीचं ॲफिलिएट खातं फुकट उघडतं. तुमची ओळख जोडलेली लिंक मिळते. त्या लिंकवरून आलेल्या गिऱ्हाइकाने २४ तासांच्या आत वस्तू घेतली आणि परत केली नाही, तर किमतीचा ठरलेला टक्का तुमचा. पहिल्या १८० दिवसांत निदान ३ विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. आता हिशेब मांडा. समजा १०० जणांनी लिंक उघडली, तिघांनी ८००-८०० रुपयांची वस्तू घेतली आणि कमिशन ५ टक्के आहे. हातात येतात १२० रुपये. ज्यांचा यात जम बसतो ते मिक्सर, फवारणी पंप, मोबाईल अशा एखाद्याच विषयावर महिनोन्‌महिने व्हिडिओ करत राहतात. पहिल्या आठवड्यात १५ हजार वगैरे या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

तुमच्या पॅकेजला एक साधी कसोटी लावा. कमिशनचं आमिष बाजूला काढलं, तर नुसत्या व्हिडिओंसाठी कोणी ४,९९९ रुपये देईल का? देणार नसेल, तर इथे गिऱ्हाईक नाहीच. आहेत ते फक्त पुढचे भरणारे. एक पॅकेज विकल्यावर तुम्हाला सुमारे ३,५०० मिळतात, म्हणजे स्वतःचे पैसे सुटायलाच दोघींना गळ घालावी लागते. मग त्या दोघी आणखी कुणाला तरी शोधणार. प्रत्येकाने पाच जण आणले असं धरलं, तर दहाव्या फळीत ९७,६५,६२५ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून सुमारे ५८ लाखांचे होते. माणसं कुठेतरी संपतात, आणि शेवटच्या फळीतल्यांचे पैसे जातात. ती फळी बहुतेकदा आपल्याच पाहुण्यांची आणि शेजारणींची असते.

नोंदणी प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच की त्या नावाची कंपनी आहे. योजना चांगली असल्याची ती पावती नव्हे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकून पाहा. व्यवसायाचं नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि क्रमांक चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. 'सात वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची निघाली, तर तिथेच थांबा. कमाईच्या स्क्रीनशॉटवर अजिबात विसंबू नका. ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा बदलायला मिनिटही लागत नाही. परताव्याची अट मात्र शब्दन्‌शब्द वाचा. 'सात दिवसांत पैसे परत'च्या खाली 'व्हिडिओ उघडला नसल्यास' अशी ओळ असते आणि तिथेच माणूस अडकतो. राहिली रात्री बाराची मुदत. तेच पान उद्या दुसऱ्या फोनवर उघडून बघा, घड्याळ बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं दिसेल.

प्रश्न : मुलगा मिरजेत शिकतो. टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग द्यायच्या कामाचे त्याला आधी १५० रुपये मिळाले. मग १,००० भरले, १,३०० परत आले. आता २८,००० अडकलेत आणि ते काढायला ६,००० 'टॅक्स' मागतात.
– एक पालक, सांगली

उत्तर : ते ६,००० भरले तर बुडत्याचा पाय खोलात. टीडीएस, म्हणजे कमाईवरचा टॅक्स, पैसे देणारा स्वतःच रकमेतून कापतो आणि सरकारकडे भरतो. तो कुणाच्या यूपीआय आयडीवर मागवला जात नाही. आधीचे १५० आणि १,३०० हे गळाला लावलेलं आमिष होतं.

हे वाचताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी आणि १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक हाताशी ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करून तिची प्रत बँकेच्या शाखेत अर्जासोबत द्या. घाई एवढ्यासाठी की पैसा पहिल्या खात्यात असेपर्यंतच तो गोठवणं सोपं असतं. तिथून तो झपाट्याने पुढच्या खात्यांत पांगतो. टेलिग्रामवर समोरचा माणूस संदेश दोन्हीकडून पुसू शकतो, म्हणून ग्रुप सोडण्याआधी स्क्रीन रेकॉर्डिंग करा. दिसणारं नाव पुरेसं नाही, युजरनेमही टिपून घ्या. आलेले १,३०० कुणा दुसऱ्या फसलेल्याचे असू शकतात आणि त्यापायी मुलाचं खातंही गोठवलं जाऊ शकतं, म्हणून तेही तक्रारीत लिहा. पुढे 'फी द्या, पैसे परत मिळवून देतो' असा फोन आला तर ती दुसरी फसवणूक समजा. आणि मुलाला रागावू नका. रागावलं की पुढची रक्कम तो लपवतो.

प्रश्न : पॅकेज विकून कमिशन मिळवण्याच्या अशाच योजनेत मी भिशीतल्या चौघींना जोडलं. आता त्या माझ्याकडे पैसे मागतात. माझ्यावर गुन्हा होईल का?
– विटा

उत्तर : होऊ शकतो. माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या पैसाफिरती योजनांना १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. योजना चालवणं, त्यात सभासद करणं आणि भाग घेणं, तिन्ही गुन्हे आहेत. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही अशा साखळीच्या, म्हणजे पिरॅमिड योजना निषिद्ध आहेत. तुमची योजना त्यात बसते का, हे कागद वकिलाला दाखवून ठरवा. आज मात्र एवढं करा : पाचवीला जोडू नका, व्हॉट्सॲप स्टेटसवरची जाहिरात स्क्रीनशॉट ठेवून काढा, कंपनीकडे ईमेलने परतावा मागा आणि चौघींसह एकत्र तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. चौघींमागे मिळालेलं कमिशन त्यांना बँकेतून परत करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. नातं टिकेल आणि नोंदही राहील.

प्रश्न : टायपिंगच्या कामात 'अचूकता ९० टक्क्यांहून कमी' म्हणून ७,००० रुपये दंडाची वकिलाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली. करारावर सही आणि आधार दिलंय.
– कोरेगाव

उत्तर : दंड भरू नका. काम मुळात नापास होईल असंच बेतलेलं असतं. पानं पुसट आणि मुदत अपुरी. नोटिशीत खटल्याचा उल्लेख असेल तर खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक मागा आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या ऑनलाइन सेवेवर टाकून पाहा. दाखल खटला तिथे दिसतो. आधार दिलंय म्हणून आधारच्या अधिकृत ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करा आणि पतअहवाल मागवून आपल्या नावावर अनोळखी कर्ज नाही ना ते तपासा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षाला एकदा मोफत मिळतो. नोटिशीचा आणि त्या नंबराचा स्क्रीनशॉट सायबर पोर्टलवर जोडा, मग नंबर ब्लॉक करा.