फाइल घेऊन आलेल्या सुनंदाताई

"मॅडम, मी करते ते काम चांगलं आहे याबद्दल मला शंका नाही. पण घरात कुणालाच ते पटत नाही. कसं पटवून देऊ?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी दर महिन्याला दोन-तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकते. कुणी पन्नाशीत तबला शिकायला घेतलेला असतो, कुणी सासरची कर्मकांडं करणार नाही म्हणून ठामपणे सांगितलेलं असतं, कुणी नवऱ्याच्या वरच्या हुद्द्यावर गेलेली असते. काम वेगळं, पण सांगण्यातला थकवा अगदी सारखा. सुनंदाताईंची गोष्ट त्यातलीच, थोड्या अवघड वळणाची. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायची परवानगी त्यांनीच दिली.

त्या आल्या त्या फाइल घेऊनच. निळी, प्लॅस्टिकची, बटण लावायची. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी ती माझ्या टेबलावर उघडली. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं त्याची प्रशस्तिपत्रं, आदर्श शिक्षिका पुरस्कार घेतानाचा फोटो, कारागृहाच्या परवानगीपत्राची झेरॉक्स. सगळ्यात खाली वहीतून फाडलेल्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरांतल्या अकरा सह्या.

"या अकरा जणी अंगठा लावायच्या. आता सही करतात," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. निकालाची वाट बघावी तशा.

निवृत्तीनंतर एका संस्थेतर्फे त्या दर शनिवारी दोन तास कारागृहाच्या महिला विभागात जायच्या. पोलीस पडताळणी झालेली, मोबाइल गेटवर जमा, पिशवीची झडती, आणि मग बराकीबाहेरच्या व्हरांड्यात पाटी-पेन्सिलचा वर्ग. घरी ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले यजमान आणि लग्नाची मुलगी. सासूबाईंचं म्हणणं, चोरट्या-खुनशी बायकांच्या तोंडी कशाला लागायचं. यजमान म्हणायचे, "शाळेत केलंस ते कौतुकाचंच. हे काय नवीन?" त्यात मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर नणंदबाई बोलून गेल्या, "वहिनी शनिवारची जेलमध्ये असते." हे सांगताना सुनंदाताई हसल्या. मग चष्मा काढून पुसत बसल्या.

इथे माझी चूक सांगते. हा विषय माझ्या जवळचा आहे, त्यामुळे ऐकून घ्यायचं सोडून मी त्यांची वकील झाले. शीला बारसे यांचं उदाहरण दिलं. या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा महिला बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या तेव्हाच्या प्रमुख आर्मायटी देसाई यांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला. फेब्रुवारी 1983 मध्ये निकाल आला: संशयित महिलांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला पोलीस, आणि चौकशीही महिला पोलिसांच्या उपस्थितीतच. आज आपण हे गृहीत धरतो. किरण बेदी 1993 ते 1995 तिहारच्या प्रमुख होत्या, 1994 मध्ये मॅगसेसे मिळाला, हेही सांगितलं. आणि आकडेही दिले. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसं होती, त्यातली 4 लाख 34 हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे.

सुनंदाताईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. शिक्षिकेच्या सुबक अक्षरात.

पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा फाइल आणखी जाड झाली होती आणि घरातलं वातावरण आणखी बिघडलं होतं. जेवताना त्यांनी ही सगळी माहिती मांडली. यजमान 'कैदी' म्हणाले की त्या 'बंदी म्हणायचं' अशी दुरुस्ती करत होत्या. तिसऱ्या दुरुस्तीला ते म्हणाले, "तू काय स्वतःला किरण बेदी समजतेस?" आणि ताटावरून उठले.

दारूगोळा मीच पुरवला होता.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आम्ही माणसाच्या बोलण्यातला 'च' शोधतो. सुनंदाताईंचा 'च' लपलेला नव्हताच: "त्यांना पटलंच पाहिजे." मी विचारलं, नाही पटलं तर? शनिवारी गेट उघडायचं बंद होईल? त्या बायका सही विसरतील? त्या म्हणाल्या, "नाही. पण मग माझं काम..." आणि वाक्य तिथेच राहिलं. हे अर्धं वाक्य मला खटकत होतं. आपल्या कामावर इतका विश्वास असलेली बाई त्याचे पुरावे फाइलमध्ये घालून कशाला फिरते?

पुढच्या भेटीत मी समोर एक रिकामी खुर्ची ठेवली. त्यावर यजमान बसले आहेत असं समजून बोला म्हटलं. त्या दहा मिनिटं अस्खलित बोलल्या. पाठ झालेलं होतं सगळं. मग म्हटलं, आता तुम्ही त्या खुर्चीत जाऊन बसा आणि त्यांच्या बाजूने बोला. हा प्रकार सुरुवातीला सगळ्यांनाच नाटकी वाटतो. त्याही संकोचल्या, पदर सारखा केला, बसल्या. आणि यजमानांच्या आवाजात म्हणाल्या, "सुनंदा, तू भोळी आहेस. तुला कुणीतरी फसवेल."

पुढे शब्दच नाही. बऱ्याच वेळाने त्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "फसवलंय मॅडम."

वर्गात चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी होती. घरकाम करायची त्या घरातल्या चोरीचा आरोप. जामीन मंजूर होऊन तीन महिने झाले होते, पण पंधरा हजारांची हमी घेणारा जामीनदार नव्हता, म्हणून ती आतच. संस्थेने सुनंदाताईंना पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं: पैशाचा व्यवहार नाही, फोन नंबर नाही, निरोपांची ने-आण नाही. तरी एका शनिवारी गेटबाहेर मुलीचा भाऊ भेटला, रोख भरली की सुटेल म्हणाला, आणि सुनंदाताईंनी सोमवारी बँकेतून पंधरा हजार काढून त्याच्या हातात दिले. पुढच्या शनिवारी ती मुलगी नेहमीच्या जागी पाटी घेऊन बसलेली. "ताई, भाऊ भेटायलाच आला नाही," म्हणाली.

या गोष्टीला चार महिने झाले होते. त्यांनी ती ना घरी सांगितली होती, ना संस्थेत. कशी सांगणार? रोज रात्री जेवणाच्या टेबलावर जिचा खटला चालतो, ती आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःहून देईल का? एक चूक कबूल केली की सगळं कामच चुकीचं ठरणार, अशी त्यांची खात्री होती. एकट्याने बचाव लढवणाऱ्या पुष्कळ बायकांचं मी हे पाहिलं आहे. बाहेरच्यांना वाटतं ही हट्टी आहे. आत ती घाबरलेली असते, कारण चुकायची मुभाच उरलेली नसते.

मग आम्ही घरच्यांची वाक्यं एकेक करून पुन्हा ऐकली. लोक काय म्हणतील, स्थळं परत जातील, हे एका बाजूला काढलं; त्याला उत्तर देणं सुनंदाताईंचं काम नव्हतं. (मुलगी स्वतः आईच्या बाजूने होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.) 'फसवतील' हे मात्र वेगळं ठेवलं. ते वाक्य काळजीचं होतं आणि खरंही ठरलं होतं. इतके दिवस त्या दोन्हींना एकाच तोफेने उत्तर देत होत्या.

काही गोष्टी मी सरळ माहिती म्हणून सांगितल्या, कारण अशा वेळी नुसतं समजून घेणं पुरत नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना आणि कोठडीतल्या कुणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जामीन मिळूनही बंदी सात दिवसांत सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिना उलटला तरी हमी भरता आली नाही तर न्यायालय अट सैल करण्याचा विचार करू शकतं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये दिलेले आहेत. म्हणजे त्या मुलीसाठी रस्ता होता. तो बँकेतून जात नव्हता, एवढंच.

आधी संस्थेत सांगायचं ठरलं, मग घरी. संस्थेने ऐकून घेतलं आणि दोन महिने त्यांना जाऊ दिलं नाही. नियम मोडला होता, त्याची शिक्षा झाली. मला ते योग्यच वाटलं, सुनंदाताईंना फार लागलं. घरी सांगण्याची तालीम आम्ही माझ्याकडे केली. एकच पथ्य ठेवलं: आकडे नाहीत, उदाहरणं नाहीत, फाइल नाही. "माझ्याकडून एक चूक झालीय आणि मला तुमची मदत हवीय" इथून सुरुवात.

यजमानांनी पहिल्यांदा पंधरा हजारांवरून आवाज चढवला. तो चढणारच होता. मग दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यकर्तीने प्राधिकरणाला द्यायच्या अर्जाचा मसुदा पाठवला होता, तो सुनंदाताई टेबलावर ठेवून आंघोळीला गेल्या. परत आल्या तर हे चष्मा लावून लाल पेनने खुणा करत बसलेले. "यात तारखा कुठायत? जामिनाच्या आदेशाचा क्रमांक? असा अर्ज आमच्या खात्यात आला असता तर मी परत पाठवला असता." आयुष्यभर टिपणं लिहिलेल्या माणसाने तो अर्ज दोनदा नव्याने लिहून काढला. महिन्याभराने त्या मुलीची जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सुटका झाली. पंधरा हजार गेले ते गेलेच. भावाच्या उद्योगाची तिला कल्पना होती का, ते कळलेलं नाही आणि सुनंदाताईंनी विचारलंही नाही.

मागच्या महिन्यात त्या सहज भेटायला आल्या. फाइल नव्हती. वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. सासूबाईंचं मत होतं तिथेच आहे. यजमान नातेवाइकांना अजून "ती एका संस्थेत शिकवायला जाते" एवढंच सांगतात, जेल हा शब्द उच्चारत नाहीत.

"राग नाही येत?" मी विचारलं.

"येतो की," त्या म्हणाल्या. "पण शनिवारी तेच स्कूटर काढतात. गेटपाशी नाही हं सोडत. अलीकडच्या चौकात."